कोतवालाच्या वहीतली मुलगी

बाबा, नागरिकत्वाचा कायदा पुन्हा बदलला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली, तेव्हा तुम्हाला आता त्याचं काय, असं कोणीही म्हणेल. पण या एका कायद्यावरून मी ज्या माणसाशी वर्षानुवर्षं भांडलो तो माणूस तुम्हीच, आणि तेवढ्या जिद्दीने भांडणारं दुसरं कोणी मला पुन्हा भेटलं नाही. नवा नियम असा, की एक जुलै सत्त्याऐंशीपासून पुढे या देशात नुसतं जन्मून भागणार नाही. आई किंवा बाप, दोघांतलं एक तरी नागरिक असलं पाहिजे. आणि मूळचा इथला माणूस बाहेरून परत आला, तर पूर्वी सहा महिने राहून त्याला नोंदणीचा अर्ज करता यायचा, आता पाच वर्षं राहावं लागेल. वर्ध्याच्या कलेक्टर कचेरीसमोर लिंबाखाली माझं टेबल आहे, तिथे उभे राहून दोन वकील ‘सहा महिन्यांचं एक वर्ष केलं म्हणे’ असं बोलत होते. मी टाइपरायटरवरची मान वर न करता म्हणालो, ‘पाच.’ त्यांतला धाकटा हसला. म्हणाला, ‘अर्जनवीसबुवा, तुम्ही अर्ज लिहा.’ दुसऱ्या दिवशी तोच माझ्या टेबलाशी येऊन कलम विचारून गेला. मी सांगितलं. खुर्ची मात्र दिली नाही.

मला राग आला तो त्या वकिलाचा नव्हे. राग येतो तो या रेषा ओढणाऱ्यांचा. माझ्याजवळ एक जाड वही आहे, तुम्ही ती पाहिली होती आणि ‘हे काय रिकामे धंदे’ असं म्हणाला होता. तीत मी देशादेशांचे हे कायदे उतरवून ठेवले आहेत, जुन्या वर्तमानपत्रांतून, वाचनालयातल्या ग्रंथांतून, एका म्हाताऱ्या वकिलाच्या घरून रद्दीत निघालेल्या पुस्तकांतून. अमेरिकेत जमिनीवर जन्मलं की झालं, पण तेवढं कागदावर यायला त्यांना गुलामीवरून एक लढाई लढावी लागली. जर्मनीत जमीन मोजतच नाहीत, रक्त मोजतात. विलायतेने अर्ध्या जगाला सांगितलं, तुम्ही सगळे एका राजाची प्रजा. ती प्रजा बोटीत बसून दारात आली, तेव्हा विचारू लागले, तुझा आजा कुठे जन्मला होता? आणि त्र्याऐंशीपासून तर त्यांनीही नुसत्या तिथल्या जन्माची किंमत काढून टाकली. युगांडात नव्वद दिवसांत घर सोडा म्हणाले. ब्रह्मदेशाने ब्याऐंशीत नागरिकांचे तीन थर केले, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीचे, जसा जिनिंगमध्ये कापूस निवडतात. प्रत्येक ठिकाणी मला एकच गोष्ट दिसली. माणूस बसल्या जागी बसलेला असतो, आणि रेषा त्याच्या अंगावरून जाते. मग त्यालाच विचारतात, तू पलीकडे कसा गेलास?

आत्याचं दुसरं काय झालं होतं? ती लग्न होऊन रंगूनला गेली तेव्हा रंगून परदेश नव्हतंच. इंग्रजांच्या हिंदुस्थानाचा तो एक प्रांत होता. मध्यप्रांतातून निघायचं, कलकत्त्याला बोटीत बसायचं, पासपोर्ट कोणी विचारत नसे. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. सदतीसला ब्रह्मदेश वेगळा काढला, तेव्हा ती रॉकेलच्या चुलीवर भाकरी टाकत असेल. अठ्ठेचाळीसला तो स्वतंत्र देश झाला. नवऱ्याने नोकरी टिकावी म्हणून तिथलं नागरिकत्व घेतलं, आणि त्याच्या कागदावर बायकोचं नाव आपोआप चढलं. पन्नासला आपली घटना लागू झाली, त्या दिवशी ती भारताच्या हद्दीत नव्हती. एवढं सगळं झालं, आणि तिने एकाही कागदावर सही केली नव्हती. मग तिथलं लष्करी सरकार दुकानं, गिरण्या ताब्यात घेऊ लागलं, हिंदी माणसांना जगणं कठीण झालं, त्यातच नवरा गेला. एक पत्र्याची पेटी घेऊन आत्या पासष्ट साली पुलगाव स्टेशनवर उतरली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, मूलबाळ नाही, आणि बोलणं असं जुन्या वळणाचं वऱ्हाडी, की आपल्या गावातले म्हातारे तिच्याजवळ नुसते ऐकायला बसत. बाकी सगळ्यांचे शब्द बदलले होते, तिचे तिथल्या तिथे राहिले होते. पोलिसाच्या दप्तरात मात्र ती परदेशी.

तुमच्या घरी ती किती दिवस राहिली ते मला पक्कं आठवतं, कारण बाराव्या दिवशी तुम्ही तिला घेऊन बोरगावला माझ्या दारात उभे राहिलात. अकरा दिवस. आई असती तर हे झालं नसतं, असं मी तेव्हा मनात म्हणालो, आज लिहितो. तुम्ही लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत मुलकी कारकून. घरात परदेशी बाई ठेवणं शक्य नाही, हे तुम्ही मला अंगणात उभ्या उभ्या हळू आवाजात सांगितलंत, आणि ती पायरीवर बसून चपलेतली माती झाडत होती. तिला ऐकू येत होतं. ‘इथं बरं हाय,’ ती म्हणाली, ‘इथं हवा लागते.’

त्यानंतर दरवर्षी मी तिला राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायला पोलिसांच्या कार्यालयात नेत असे. मुदत संपायच्या आधी जायचं, पत्ता बदलला तर कळवायचं, फार दिवस बाहेरगावी राहायचं तर कळवायचं. मधूनच एखादा शिपाई घरी चौकशीला येई. नवीन असला की विचारी, ‘मावशी, कोणत्या देशाच्या तुम्ही?’ आत्या म्हणे, ‘पुलगावच्या अलीकडची व्हय बापा. तू कुठचा?’ तो निघायचा गोंदियाकडचा नाही तर बुलढाण्याचा. मग ती म्हणे, ‘म्हंजे दुरून आला तू. बस, च्या घे.’ ती हसवत असे, पण मुदतीचा महिना आला की तिची झोप जायची. ‘अवंदा नाई म्हनले त मले कुठं धाडतीन रे?’ हा तिचा प्रश्न. तिथे पाठवायला तिथलं सरकार तिला आपली म्हणत नव्हतं, आणि इथे ठेवायला हे सरकार तिला आपली म्हणत नव्हतं. या प्रश्नाला कोणत्याच पुस्तकात उत्तर नव्हतं, आणि मी पुस्तकात नाही ते तोंडाने सांगत नाही, म्हणून परवान्यावरची तारीख तेवढी तिला पुन्हा वाचून दाखवी.

कायद्यात वाट होती. भारतीय वंशाचा माणूस म्हणजे तो स्वतः किंवा त्याचे आईबाप, आजा-आजी अखंड हिंदुस्थानात जन्मलेले. तसा माणूस सहा महिने इथे राहिला तर कलेक्टरकडे नोंदणी करून नागरिक होऊ शकतो. हे कलम मी स्वतः शोधलं. मॅट्रिक नापास झालो त्या महिन्यात तुम्ही मला एक इंग्रजी-मराठी कोश आणून दिला होता, ‘वाचता आला त वाच, नाई त उशाले घे’ असं म्हणून. तो मी वाचला, बाबा. अ पासून पुढे, पानापानाने. त्याच कोशाच्या जोरावर मी ते कलम चार वेळा वाचलं आणि माझी खात्री झाली. फक्त जन्म सिद्ध करायचा होता.

तुम्हाला ठाऊक आहे, पण कोणालाही कळावं असं लिहिण्याची मला सवय पडली आहे, म्हणून लिहितो. आपल्या मुलखात त्या काळी गावचा कोतवाल ठाण्यात जाऊन जन्म-मृत्यू लिहवून येत असे. तोवर बाळाचं बारसं झालेलं नसे. म्हणून वहीत बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आजोबांच्या नावापुढे ‘मुलगी’ दोनदा आहे, दोन वर्षांच्या अंतराने. आणि मृत्यूच्या वहीत एकदा: ‘मुलगी, देवी’, म्हणजे देवीच्या रोगाने गेलेली. वयाचा रकाना कसरीने खाल्लेला. ती नक्कल घेऊन मी कचेरीत गेलो. आत्याला बाहेर बाकावर बसवलं. नागरिकत्वाचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाने सगळे कागद पत्त्यांसारखे पसरले.

‘ह्या तर चार बाया झाल्या,’ तो म्हणाला. ‘वहीत बिननावाची मुलगी. माहेरच्या पत्रावर एक नाव. लग्नात बदललं ते दुसरं. रंगूनच्या कागदावर तिसरंच काहीतरी. यातली तुमची कोणती?’

‘चारही एकच. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात नाव लिहिलं की माहेरचं नाव गेलं. तुमच्या घरी काय वेगळं होतं?’

‘माझ्या घरचं सोडा. वहीत मुली दोन, मेली एक. मेली ती हीच नाही कशावरून?’

‘मेली असती तर बाहेर बाकावर कशी बसली असती?’

‘बाकावर कोणीतरी बाई बसली आहे, एवढंच मला दिसतं,’ तो म्हणाला. आणि मग थोडा नरमून, ‘हे पाहा, दोनांतून एक गेली, एक राहिली, हे मीही मान्य करतो. राहिलेली ती हीच, हे सांगणारा माणूस आणा. जवळचा नातेवाईक हयात असेल तर त्याचंच प्रतिज्ञापत्र पाहिजे. कोणी हयातच नसेल तर मग गावातल्या जाणत्या माणसाचं बयान चालेल.’

जवळचा नातेवाईक म्हणजे तुम्ही. सख्खा थोरला भाऊ. धाकटी देवीने गेली तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होता, आजोबांचं बोट धरून मातीला गेला होतात. हे तुम्हीच मला सांगितलेलं. मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं, सव्वा पानाचं, एकही खाडाखोड नाही, आणि तुम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. बहात्तरचं साल. तुम्ही सकाळच्या पॅसेंजरने आलात.

आत्याने पाटवडीचा रस्सा केला आहे. बेसनाच्या वड्या ती ताटाला तेल लावून थापते, वर खसखस आणि सांभाराची चिरलेली हिरवी पानं दाबते, आणि सुरीने शंकरपाळ्यासारख्या कापते, एकही वडी लहानमोठी नाही. तुम्ही पहिला घास घेता आणि थांबता. ‘बाई,’ तुम्ही म्हणता, ‘आईचा रस्सा असाच लागे. मी समजलो होतो का ही चव गेली.’ ‘तिखट झालं का दादा?’ ‘होऊ दे.’ तुम्ही पुन्हा वाढून घेता, नाकातून पाणी येतं तरी घेता. मी मनात म्हणतो, आता काय राहिलं? हात धुतल्यावर मी कागद पुढे ठेवतो. तुम्ही चष्मा लावून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचता, खिशातली पेन्सिल काढून तालुक्याच्या नावापुढे सुटलेला स्वल्पविराम देता, आणि कागद माझ्याकडे सरकवता.

‘बरोबर हाय. एक अक्षर खोटं नाई.’

‘मंग सही करा.’

‘सही नाई करत.’

‘काऊन?’

‘फारमात निरंक लिहून हाय मी. एकदा नोकरीले लागलो तवा, अन एकदा चीनच्या लढाईनंतर. परदेशात राहणारे नातेवाईक: निरंक. आता लिहून देऊ का बहीण ब्रह्मदेशात होती? दीड वर्ष राह्यलं माहं.’

‘तेव्हा खोटं लिहिलं म्हणून आता खरं लिहायचं नाही?’

‘मॅट्रिक नापास मानसानं मले कायदा शिकवू नये,’ तुम्ही म्हणालात.

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘दादा, ताक देऊ का?’ आणि तुम्ही ताक घेतलंत. बाबा, हे मी सोळा वर्षं मनात धरून आहे. तुम्ही तिच्या हातची पाटवडी ओळखलीत, आईच्या चवीपर्यंत ओळखलीत, तिच्या हातचं ताक प्यालात, आणि ही माझी बहीण आहे एवढे चार शब्द तुमच्याने लिहवले नाहीत. तुम्ही गेल्यावर मी भांडी आपटली. आत्या म्हणाली, ‘त्याले नको तानू. नोकरीचा मानूस हाय तो.’ मी म्हणालो, ‘आणि तू?’ तिने ताटं गोळा केली.

तुम्ही निवृत्त झालात. मी पुन्हा आलो. ‘पेन्शन बसू दे.’ पेन्शन बसली. ‘आता बसली ते उठवू का?’ एकदा तर तुम्ही मला दारातूनच म्हणालात, ‘तोच कागद आनला असन त परत जाय.’ मी तीन वर्षं तोच कागद नेत राहिलो; तारखेची जागा मोकळी सोडून पुन्हा पुन्हा टाइप करत राहिलो. मध्यंतरी आत्या हिवतापाने आजारी पडली, आणि तापात तिने परवाना उशाखाली ठेवायला मागितला. औषध नको, परवाना दे. त्या रात्रीनंतर मी तुमच्याकडे यायचं बंद केलं.

शहात्तरमध्ये मी अर्ज नव्याने केला. या वेळी कचेरीने गावातल्या जाणत्या माणसाचं बयान घ्यायचं मान्य केलं. का केलं ते पुढे सांगतो. गावच्या बौद्ध वस्तीतली म्हातारी सुईण, ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांना धूसर दिसणारी, तिला मी तिच्या नातवासह बैलगाडीतून आणि पुढे बसने वर्ध्याला आणलं. तुम्हाला ती आठवत असेल. तुम्हीही तिच्याच सासूच्या हातचे. साहेबाने विचारलं, ‘आजी, या बाईला ओळखता?’ ती म्हणाली, ‘दिसत नाई त वळखू कशी? पन काय पाहाचं ते सांगतो. जलमली तवा पोट फुगलं होतं, दूध टिकेना. माह्या सासूनं बेंबीच्या डाव्या अंगाले बिब्ब्याचे तीन टिपके देल्ले. दिवा मी धरला होता. तिसरा टिपका घसरला, लांबट झाला. धाकटीले बिब्बा देल्लाच नाई, ते पयल्यापासून गुटगुटीत.’ साहेबाने एका महिला कर्मचाऱ्याला आत्याबरोबर आतल्या खोलीत पाठवलं. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘तीन आहेत, सर. एक लांबट.’ कारकुनाने मान खाली घालून लिहून घेतलं. म्हातारीने अंगठा दिला आणि आत्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, ‘कुठं गेलती वं इतके दिस?’

पुढच्या साली प्रमाणपत्र आलं. साहेबासमोर निष्ठेची शपथ घ्यायची होती, ती आत्याने पाठ केली होती, एकही शब्द चुकली नाही. बाहेर आल्यावर लिंबाखाली माझ्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, ‘मंग आतापरेंत मी कोनाची होती रे?’ अठ्ठ्याहत्तरच्या निवडणुकीत तिने मत दिलं. सकाळी सात वाजता रांगेत पहिली. शाई पुसली जाऊ नये म्हणून दोन दिवस डाव्या हाताने भांडं घासलं नाही.

प्रमाणपत्र आल्याचं ऐकून तुम्ही आलात. न बोलावता आलात, पुलगावहून पेढ्यांचा पुडा घेऊन. तो कागद उजेडाकडे धरून तुम्ही दोनदा वाचलात. आत्या पाया पडली, तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि तो बराच वेळ काढला नाहीत. मग मला विचारलंत, ‘माह्या सहीबिगर कसं जमवलं?’

मी म्हणालो, ‘कायद्यात वाट असते. शोधावी लागते.’

‘शिकला लेका तू,’ तुम्ही म्हणालात. ‘वकिलाले जमत नाई ते केलं.’ जन्मात एकदाच म्हणालात. पुढची दोन वर्षं तुम्ही हे स्टेशनवर, न्हाव्याकडे, जुन्या सोबत्यांत सांगत फिरलात, ते मला लोकांकडून कळत होतं. पोरानं कायद्यानं केलं. कायद्यानं.

आता ते लिहितो. अर्जात एक रकाना होता, अर्जदाराचे हयात असलेले निकटचे नातेवाईक. तुमचं नाव लिहून मी त्यापुढे टाइप केलं: मयत. म्हणूनच कचेरीने सुईणीचं बयान घेतलं. माझ्याकडे कोणी दाखला मागितला नाही. दाखला जिवंत असल्याचा मागतात, मेल्याचा नव्हे. तुम्ही तेव्हा पुलगावात अंगणात बसून पेपर वाचत असाल. मी कागद रोलरवर जरा वर घेतला, शब्द ओळीत बसला आहे ना ते पाहिलं, आणि पुढच्या रकान्याकडे गेलो. त्याच कायद्यात दहावं कलम आहे: खोटं सांगून किंवा लपवून मिळवलेली नोंदणी सरकार काढून घेऊ शकतं. आत्या आज एकोणसत्तर-सत्तर वर्षांची आहे, आतल्या खोलीत गव्हाचे खडे निवडते आहे. तिला यातलं काही माहीत नाही. हे पत्र म्हणजे तिच्याविरुद्धचा एकमेव पुरावा आहे, आणि मी आयुष्यात कोणताही लिहिलेला कागद फाडलेला नाही.

तुम्ही खरोखर गेलात ती तारीख त्या अर्जानंतरची, तेव्हा तिची नोंद मी आजवर केलेली नाही. गावच्या सात-बाऱ्यावर अजून तुमचंच नाव आहे, आणि वारसाच्या नोंदीसाठी तलाठी दर उन्हाळ्यात निरोप धाडतो, म्हातारा गेला ती तारीख तेवढी सांगा. मी, ज्याला जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांच्या तारखा तोंडपाठ आहेत, त्याला उलट निरोप धाडतो, बघून कळवतो.